डोक्यावरची काच

रंगीत काचेचे तळहाताएवढे तुकडे कापायचे, त्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी लावायची, पट्टीवर सोल्डर वितळवून तुकडे एकमेकांना जोडायचे आणि तयार झालेली पानं, पाखरं, चांदण्या तारेच्या दांडीवर तोलून छताला टांगायच्या. वाऱ्याची झुळूक आली की झुंबर हळूहळू फिरतं आणि भिंतीवर रंग सरकत जातात. शहरांत घरातल्याच एखाद्या खोलीत हे काम करणारे कारागीर आढळतात. तेच काम धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला, राहत्या घरात सुरू व्हावं का, हा इथला प्रश्न आहे. सास्तूरला तो जड आहे, कारण 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात या पट्ट्यातली हजारो माणसं स्वतःच्याच छताखाली आणि भिंतींखाली गाडली गेली. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन करून गावं झोपली होती. अशा गावात डोक्यावर काच टांगायची भाषा करायची, तर आधी त्या पहाटेला सामोरं जावं लागतं. म्हणून इथे दोन बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. एक मामांची, भूकंपानंतरच्या बांधकामांवर राबलेल्या गवंड्याची. दुसरी त्यांच्या भाचीची. हे काम शिकून गावातच करू पाहणारीची. दोघंही कल्पित आहेत, मुद्दे मात्र खरे आहेत. माझं मत आधीच सांगितलेलं बरं: हे काम सास्तूरला यावं, मनापासून यावं, पण त्यातला एक भाग घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवूनच यावा.

मामा : पोरी, काच छान दिसते, हे मला दिसतं. पण तू टांगायला कुठं निघालीस ते बघ. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. दोन ते चार फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांच्या मधे नुसता चिखल. भिंतीला आतली एक बाजू आणि बाहेरची एक बाजू. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. वर लाकडाचे खण आणि त्यांवर पांढऱ्या मातीचे थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी माती टाकायची, जुनी काही काढायची नाही. उन्हाळ्यात घर थंड राहायचं म्हणून आम्हीच त्या मातीचं कौतुक करायचो. जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजू फुगून सुटल्या आणि सगळं आत आलं. भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता, साडेसहाच्याही आतला. माणसं मारली ती बांधणीनं. म्हणून मी म्हणतो, डोक्यावर जे टांगायचं त्याचा आधी विचार करायचा, आणि सगळ्यात बरं म्हणजे टांगायचंच नाही. त्यातून काच. पडली की फुटणार, फुटली की पायात जाणार, आणि भूकंपाच्या वेळी माणूस अनवाणी बाहेर पळतो.

भाची : मामा, तुम्ही सांगितलं त्यातला एकही शब्द मी खोडत नाही. पण त्यातून जे अनुमान काढता, ते मला पटत नाही. आपण वजनाचाच हिशेब करू. माळवदावर अर्धा मीटर माती धरली तर एका चौरस मीटरवर साधारण 800 किलो भार येतो. दहा बाय बाराच्या खोलीवर हा भार नऊ टनांच्या घरात जातो. आता झुंबर. तीन मिलिमीटर जाडीच्या काचेचा दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा 75 ग्रॅमचा असतो, कारण काच पाण्याच्या साधारण अडीचपट जड. झुंबरातलं एक पान त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. अशी सात पानं घेतली, त्यांत सोल्डर, कड्या आणि दांड्या धरल्या, तरी वजन पाव किलोच्या आसपास राहतं. नऊ टन आणि पाव किलो, दोन्ही डोक्यावरच आहेत, म्हणून दोघांना एकाच भीतीच्या यादीत टाकायचं का? भूकंपाची तीव्रता मोजणारे शास्त्रज्ञ त्यांच्या पट्टीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर एक खूण लिहितात: टांगलेल्या वस्तू हलतात. भिंतीला तडा जाणं ही फार वरची पायरी. मोकळी टांगलेली हलकी वस्तू धक्का खात नाही, झुलते. धोका तिच्या झुलण्यात नाही, ती कुठून आणि कशानं टांगली आहे यात आहे. तुम्ही घराबद्दल जे शिकलात, तेच मी झुंबराबद्दल विचारते आहे. वजन किती, सांधा कुठं, आधार कशाचा.

भाचीच्या या उत्तरात मला जोर दिसतो, आणि तो फक्त गणितात नाही. 1993 नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्यात जमीनदोस्त झालेली गावं नव्या जागी वसवण्याबरोबरच तडे गेलेल्या पण उभ्या राहिलेल्या घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं कामही होतं. छतावरची माती कमी करायची, लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार द्यायचे, भिंतीत आरपार जाणारे काँक्रीटचे सांधे बसवायचे, ही त्यातली मुख्य कामं. ते गावोगाव पोहोचवण्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. शेतात आणि चुलीशी राबणाऱ्या बायकांनी आरपार सांधा म्हणजे काय, छताचा भार कुठून कुठे उतरतो, हे समजून घेतलं आणि शेजारणींना समजावून दिलं. या मुलखातल्या बायकांना सांध्याची आणि भाराची भाषा तीस वर्षांपासून येते. म्हणून 'काचेचं नाजूक काम यांना कसं जमणार' हा आक्षेप इथे टिकत नाही. मामांनीही तो घेतलेला नाही. त्यांचा पुढचा आक्षेप गवंड्याचाच आहे, आणि तो नेमका आहे.

मामा : हिशेब बरोबर आहे. पण वजन कमी म्हणजे सांधा चांगला, असं होत नाही. तांब्याची ती पट्टी काचेला चिकटवलेली असते ना? चिकटवलेलं सुटतं. उन्हात ठेवलं की अजून लवकर सुटतं. तू कडी त्या पट्टीला लावणार, झुंबर वर्षभर वाऱ्यावर फिरणार, आणि एक दिवस पट्टी सोलून निघणार. वर पत्र्याचं घर असेल तर हूक कशात ठोकणार? पत्र्यात?

भाची : पट्टी सोलून निघते, हे खरंच आहे, शिकाऊ माणसाचं झुंबर तिथंच पडतं. म्हणून कडी कधीही नुसत्या कडेला लावायची नाही. सगळं काम बघा, मग कडी कुठे येते ते कळेल. आधी कागदावर नकाशा काढायचा, प्रत्येक तुकड्याला आकडा द्यायचा. कापताना काचेवर चाक एकदाच आणि एकाच दाबानं ओढायचं. बरोबर पडलं तर पातळ कापड फाटत गेल्यासारखा बारीक, सलग आवाज येतो. आवाज मधे तुटला तर काचही तिथं दगा देते. त्याच रेघेवर पुन्हा चाक फिरवायचं नाही. काच भलतीकडं फुटते आणि चाक बोथट होतं. आत वळलेली कमान एका दमात निघत नाही, उथळ उथळ चार-पाच फोडींत काढावी लागते. मग कड पाणी सोडत घासायची, साबणानं धुऊन कोरडी करायची, कारण बोटाचा तेलकटपणा राहिला तरी पट्टी धरत नाही. तीन मिलिमीटर काचेला साडेपाच-सहा मिलिमीटर रुंदीची पट्टी, म्हणजे दोन्ही अंगांना दीड मिलिमीटरच्या आतबाहेर काठ येतो. तो लाकडी पट्टीनं दाबून बसवायचा. त्यावर सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स, त्यावर सोल्डर. दोन तुकडे जिथे भेटतात, तिथे तांब्याच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामधे भरलेलं सोल्डर मिळून एक कणा तयार होतो. कडीची तार त्या कण्यात दोन-तीन सेंटिमीटर आत पुरायची. एकच तुकडा टांगायचा असेल, तर त्याच्या सगळ्या घेरावरून तार फिरवून सोल्डरनं बसवायची आणि तिचीच वर कडी वळवायची. मग भार चिकटवणीवर येत नाही, तारेवर येतो. मामा, हा तुमचा आरपार दगडच आहे.

टांगण्याचं म्हणाल, तर पत्र्यात मी काही ठोकणार नाही. हूक लोखंडी अँगलला किंवा लाकडी वाशाला, आणि स्लॅब असेल तर रावळप्लग घालून स्क्रूनं. मासे धरायची नायलॉनची दोरी दिसत नाही म्हणून सगळे तीच लावतात, पण ती उन्हानं ठिसूळ होते; तिच्याऐवजी स्टीलची बारीक वायर. आणि जागा ठरलेली: खिडकी, ओसरी, देवडी. अंथरुणावर नाही, आणि पाळण्यावर तर नाहीच. पाळण्यावर कापडी चिमण्याच बऱ्या.

या कलेचं खरं शिक्षण याच ठिकाणी आहे, असं मला वाटतं. चौकटीत बसवलेल्या रंगीत काचेचा भार चौकट घेते. हलत्या झुंबरात सगळा भार कारागिराच्या हिशेबावर असतो. तीस सेंटिमीटरच्या दांडीच्या एका टोकाला 50 ग्रॅमचं पाखरू आणि दुसऱ्याला 25 ग्रॅमचं पान असेल, तर दांडी पाखरापासून 10 सेंटिमीटरवर उचलावी लागते. पन्नास गुणिले दहा आणि पंचवीस गुणिले वीस, दोन्हीकडे पाचशे. आणि बांधणी खालून वर करत जायची, कारण खालची दांडी तोलल्याशिवाय वरच्या दांडीला तिचं वजन कळत नाही. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरनं पत्रा आणि तार घेऊन ही हलती शिल्पं जगापुढे आणली. 1955 साली तो अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे पाहुणा आला होता आणि तिथे राहून त्यानं कामही केलं. शिक्षणानं तो यांत्रिकी अभियंता होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तोल चुकला की झुंबर लगेच वाकडं लटकतं. परीक्षक लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही. शाळेत तरफेचा नियम घोकून पाठ करणाऱ्या मुलीला तो नियम इथे बोटांवर तोलून बघता येतो. पण मामांचा तिसरा आक्षेप या सगळ्याला बाजूला सारून उभा राहतो.

मामा : बरं, सांधा पक्का केलास. पण हे काम आपलं आहे का? चर्चच्या खिडकीतली कला आणि अमेरिकेतली टांगणी. गोधडी शिव, कवड्यांची माळ ओव, तांड्यावरच्या बायकांसारखं आरशांचं भरतकाम शिक. त्याला इथं मुळं आहेत. बाहेरून आणलेल्या कलेला आठ दिवस टाळ्या मिळतात, मग कोणी विचारत नाही.

भाची : कवड्यांचंच घ्या. तुळजापूरच्या आईच्या भक्ताच्या गळ्यातली माळ हीच आपल्या जिल्ह्याची ओळख. ती कवडी कुठली? समुद्रातली. आपल्या तेरणेत कवडी सापडत नाही. शेकडो मैलांवरून माल आला, इथल्या हातांनी तो ओवला आणि तो इथला झाला. ही तेरणा माकणीच्या धरणात येते, ते धरण आपल्याच तालुक्यात. त्याच नदीवर वर तेर आहे, जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथून माल भडोचच्या बंदराकडे जायचा, असं 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तिथल्या उत्खननात मणी निघाले, त्यांत काचेचेही आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा. म्हणजे काच या नदीच्या काठाला नवी नाही. टांगलेली काच म्हणाल तर देवळांच्या सभामंडपांत आणि वाड्यांत हंड्या-झुंबरं होतीच. आणि गरिबाघरची काच? फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून वाकवायचे, एकात एक अडकवून साखळ्या करायच्या आणि दाराला तोरण लावायचं, हे मराठी घरांतल्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. त्या तोरणाला कोणी चर्चची कला म्हटलं नाही. माझं झुंबर त्याच तोरणाच्या पुढचं आहे. फक्त सांधा ज्योतीऐवजी सोल्डरचा.

इथे भाचीच्या बाजूनं आणखी थोडं बोलायला हवं, कारण 'आपलं' आणि 'परकं' ही वाटणी काचेच्या बाबतीत महाराष्ट्रानं फार पूर्वी मोडली. अंताजी दामोदर काळे यांनी माणसागणिक एक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे इथे 1908 साली काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता, आणि काच करायला शिकवणं हाही त्या कारखान्याचा हेतू होता. पुढे 1916 साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या 'प्रभाकर' कंदिलाची काच घरोघरी पोहोचली. स्वदेशीच्या ऐन भरातही काच शिकण्यात कोणाला परकेपणा वाटला नाही. परकी वाटली ती विकत आणलेली काच. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय 1878 चं. तिथल्या खिडक्यांची रंगीत काच साहेबाच्या हौसेनं बसली हे खरं. पण सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्या काचा निखळायला आल्या, तेव्हा 2013 ते 2015 या काळात त्या उतरवून, साफ करून, नव्या शिशाच्या पट्ट्यांत पुन्हा बसवण्याच्या कामात स्वाती चांदगडकर या मुंबईतल्या काचकलावतीचा मोठा वाटा होता. मालकी ज्याची असेल त्याची. दुरुस्त करण्याएवढी समज आपल्या हातात आली की कला आपली झाली, असं मी मानतो. मामांचा हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. पुढचे दोन मात्र तसे नाहीत.

मामा : सांधा सांधा म्हणतेस, त्या सांध्यात काय आहे ते सांग. शिसं ना? कल्हईवाल्यानं कथलात शिसं मिसळलं तर आपण त्याला फसवणूक म्हणायचो आणि घातही म्हणायचो. तेच शिसं तू घरात आणून, पोरंबाळं रांगतात त्या फरशीवर वितळवणार?

भाची : बाजारात सर्रास मिळणाऱ्या सोल्डरमधे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं असतं, हे खरं. ते 190 अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे-चारशे अंशांचं. शिसं उकळतं 1749 अंशांना. म्हणून वितळवताना जो धूर दिसतो तो बहुतेक फ्लक्सचा असतो. तोही घातक, त्याला खिडकी आणि पंखा हवाच, पण शिशाची वाफ छातीत जाते ही भीती मोठी करून सांगितली जाते. शिसं शरीरात जातं ते हातावाटे. सोल्डरची कांडी धरलेले हात न धुता भाकरीला लागले, टेबलावरची भुकटी पदराला लागून घरभर गेली, की झालं.

मामा : मग तू माझंच बोलतेस. हातावाटेच तर पोरांच्या तोंडात जातं.

भाची : हो, इथे मी तुमचंच बोलते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित धरता येत नाही. लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शिसं शोषून घेतं आणि त्याचं नुकसान मेंदूला होतं, ते भरून येत नाही. म्हणून शिसं नकोच. कथील आणि थोडं तांबं यांचं बिनशिशाचं सोल्डर मिळतं. ते 227 अंशांना वितळतं, महाग पडतं, सांधा तेवढा गुळगुळीत होत नाही आणि हात बसायला वेळ लागतो. तरी तेच वापरायचं. आणि सांध्यांना तांबूस रंग द्यायला जे पाणी लागतं त्यात मोरचूद असतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण कालवलेल्या माणसाला हातमोजे कशाला हे सांगावं लागत नाही. काच कोरडी घासायची नाही. तिची धूळ फुप्फुसात बसते, आणि रंगीत काचेत रंगासाठी घातलेले धातूही त्या धुळीबरोबर येतात.

भाचीची ही कबुली या वादाचा कणा आहे. शिकवणारे बहुतेक जण 'हात धुवा, खिडकी उघडी ठेवा' इतकंच सांगून शिशाचं सोल्डर हातात देतात, कारण त्यानं पहिल्याच दिवशी सांधा चकचकीत येतो आणि शिकणारा खूश होतो. ही सवलत शहरातल्या स्वतंत्र खोलीत काम करणाऱ्या एकट्या माणसानं स्वतःपुरती घेतली तर तो त्याचा निर्णय. रांगत्या मुलांच्या घरात ती कोणालाच घेता येणार नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा कायद्यानं आली आहे. भिंतीच्या रंगात जे चालत नाही, त्याची चाळीस टक्के मिसळ असलेली कांडी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवण्याचं समर्थन होऊ शकत नाही. राहिला मामांचा शेवटचा आक्षेप, आणि माझ्या मते तो सर्वांत वजनदार आहे, कारण तो काचेबद्दल नाहीच.

मामा : समज, शिसं काढलंस. तरी घरात काम आणणं म्हणजे काय, ते सोलापुरात जाऊन बघ. विडीचं पान आणि तंबाखू घरी आणतात, बाई दिवसभर वळते, तंबाखूची भुकटी सगळं घर खातं, पोरी शाळेतून आल्या की हाताखाली बसतात, आणि मजुरी हजारावर मोजतात. फिरोझाबादेत बांगड्या होतात ना, त्यांचे जोड घरोघरी बायका-पोरं ज्योतीपुढं बसून जोडतात, तेही नगावर. घरात आलेलं काम तासात मोजलं जात नाही. चूल, पाणी, रोजगार, जनावरं, आणि त्यावर आता काच. तुझ्या झुंबराला शहरात जो भाव मिळेल, त्यातला तुझ्या हाती किती येणार?

भाची : मामा, नगावर काम देणारा व्यापारी आला तर मी ते घेणार नाही, एवढं माझ्या हाती आहे. नकाशा माझा, माल माझा, विक्री गटाची, असं असेल तरच. रुखवतात ठेवायला, नव्या घराच्या वास्तुशांतीला, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांच्या गाळ्यावर, अशी सुरुवात होऊ शकते. प्लास्टिकवर रंगीत छाप मारलेल्या स्वस्त मालाशी किमतीत बरोबरी होणार नाही. ती करायला गेलं तर मरणच. मला यावर घर चालवायचं नाही. सोयाबीन निघाल्यावर हाताला जे रिकामे महिने येतात, त्यांत मजुरीशिवाय दुसरं काही जमतं का, ते बघायचं आहे.

भाचीचं उत्तर प्रामाणिक आहे, पण पुरेसं नाही. नगावर काम घ्यायचं नाही हा निश्चय एकटीचा असेल तर पहिल्या दुष्काळात मोडतो. विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला आणि त्यानं घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. तो कायदा येण्यासाठी आणि नंतर राबवून घेण्यासाठी बायकांना एकत्र येऊन भांडावं लागलं. घराच्या आत विखुरलेलं काम भांडू शकत नाही. आणि इथे सास्तूरच्या परिसराची आणखी एक मोजून दाखवता येणारी गोष्ट आड येते. भूकंप पुनर्वसनात मिळालेली घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे ठरली: भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, त्यावरच्या सात हेक्टरपर्यंतच्यांना 400, आणि त्याहून जास्त जमीन असलेल्यांना 750. ज्या बाईला चार पैशांची खरी गरज आहे, तिच्या वाट्याला मूळचं घर 250 चौरस फुटांचं आलं. पुढे कोणी पत्र्याची खोली वाढवली असेल, पण स्वतंत्र दार, पाण्याचा नळ आणि धूर ओढणारा पंखा असलेली कामाची खोली त्या घरात निघत नाही. 'घरातला स्टुडिओ' ही कल्पना ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांची आहे. ती जशीच्या तशी उचलून सास्तूरला आणली, तर काम मोठ्या घरातली बाई करेल आणि धोका लहान घरातली बाई उचलेल.

म्हणून माझा निवाडा असा की कामाची फोड करावी. नकाशा काढणं, रंग निवडणं, दांड्या वाकवणं, तयार पानं तोलून झुंबर बांधणं, हे घरी होऊ शकतं. त्यात विष नाही, धार नाही, आणि या कलेतला सर्वांत बुद्धीचा भाग हाच आहे. काच कापणं, घासणं, पट्टी लावणं आणि सोल्डर करणं गटाच्या सामाईक खोलीत व्हावं. अशी खोली असली की शिशाची कांडी आत येऊ न देणंही शक्य होतं, कारण चार जणींच्या डोळ्यांसमोर नियम पाळला जातो. आणि भाव ठरवायला व्यापारी आला, तर त्याला चौघींशी बोलावं लागतं. यावर कोणी म्हणेल की खोलीसाठी थांबलं तर काम कधीच सुरू होणार नाही. पण या गावांनी समाजमंदिरं, शाळा, दवाखाने लोकांच्या आणि सरकारच्या पैशांतून उभे राहताना पाहिले आहेत. दोन टेबलं, एक नळ, एक पंखा आणि कुलपाचं कपाट एवढी मागणी त्यापुढे लहान आहे. मामांसारख्या गवंड्यालाही त्या खोलीत काम आहे. प्रत्येक झुंबराची कडी ओढून बघायची, आणि पट्टीला लावलेली कडी दिसली तर ते झुंबर परत पाठवायचं.

लोहारा तालुक्यातल्या बचत गटांना, ग्रामपंचायतींना आणि 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच: कोणी हे प्रशिक्षण घेऊन गावात आलं, तर पहिल्या बैठकीत तीन गोष्टी लिहून घ्या. सोल्डर बिनशिशाचं असेल, कापण्या-जोडण्याचं काम राहत्या घरात होणार नाही, आणि नगावर मजुरी घेतली जाणार नाही. मग शाळेची किंवा पंचायतीची एखादी वापरात नसलेली खोली त्यांना द्या.